फिरकी-गळ (मासेमारी)

फिरकी-गळ हे गोड्या पाण्यातील मासेमारीचे एक साधन आहे. तंगुसाच्या (एकपदरी नायलॉन धाग्याच्या) तुकड्यावर धातूचे फिरते पाते व मणी ओवून, टोकाला दोन किंवा तीन गळ बांधून ते तयार करतात. गळांना जिवंत आमिष, बहुधा गांडूळ, लावले जाते. उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरे तसेच मिनेसोटा, विस्कॉन्सिन व ऑन्टारियो येथील तलावांत वॉलआय (शास्त्रीय नाव: सँडर व्हिट्रियस) हा मासा पकडण्यासाठी ते विशेषत्वाने वापरतात. तेथे ते ‘क्रॉलर हार्नेस’ या नावाने ओळखले जाते. तयार साधन बाजारात मिळत असले, तरी अनेक हौशी मासेमार ते घरीच बांधतात. त्यामुळे पात्याचा आकार, तंगुसाची लांबी आणि गळांमधील अंतर तलावानुसार ठरवता येते.

कार्यतत्त्व

माशाच्या दोन्ही कुशींवर असलेल्या पार्श्वरेषेद्वारे त्याला पाण्यातील कंपने जाणवतात. पाते फिरू लागले की कंपने निर्माण होतात आणि त्याची चमकही दुरून दिसते. मासा जवळ आल्यावर गांडुळाचा वास व हालचाल त्याला चावा घेण्यास उद्युक्त करतात. वॉलआयच्या डोळ्यात प्रकाश परावर्तित करणारा थर असल्यामुळे त्याला अंधुक प्रकाशात चांगले दिसते. त्याच्या दृष्टिपटलातील शंकुपेशी हिरव्या आणि नारिंगी-तांबड्या रंगांना अधिक संवेदनशील असतात. गढूळ पाण्यात या रंगांची, तर नितळ पाण्यात चांदीसारख्या रंगाची पाती पसंत केली जातात.

घटक

पाते: गोलसर ‘कोलोरॅडो’ पाते अक्षापासून बरेच दूर फाकून फिरते. ते कमी वेगातही फिरत राहते आणि अधिक कंपने निर्माण करते. लांबट, निमुळते ‘विलो लीफ’ पाते अक्षाजवळून जलद फिरते. मात्र ते फिरते ठेवण्यासाठी नावेचा वेग अधिक असावा लागतो. ‘इंडियाना’ पाते या दोहोंच्या मधले आहे.

कडी: पाते घोड्याच्या नालेसारख्या छोट्या कडीत अडकवतात. कडीच्या दोन्ही टोकांच्या छिद्रांतून तंगूस जातो. उघडझाप करता येणारी प्लास्टिकची कडी वापरल्यास गाठ न सोडता पाते बदलता येते.

मणी: पाते आणि गळ यांच्यामध्ये साधारण चार ते सहा मणी असतात. त्यांच्यावर टेकून कडी सहज फिरते. मण्यांची माळ आखूड पडल्यास पात्याचे टोक गळाला अडकते.

तंगूस: सुमारे 4.5 ते 9 किलोग्रॅम भार पेलणारा, 1 ते 1.8 मीटर लांबीचा तुकडा सामान्यतः पुरतो.

बांधणी

प्रथम मागचा गळ बांधतात. त्यासाठी तंगूस गळाच्या छिद्रातून ओवून त्याच्या दांड्याभोवती पाच-सहा वेढे देतात व टोक वेढ्यांखालून घेऊन घट्ट ओढतात. ओढण्यापूर्वी गाठ ओली केली जाते. कोरड्या गाठीत घर्षणाच्या उष्णतेने तंगूस कमकुवत होतो. याच पद्धतीने पुढचा गळ 7 ते 10 सेंटिमीटर अंतरावर बांधतात. त्यानंतर मणी आणि शेवटी पात्यासह कडी ओवतात. पात्याची खोलगट बाजू तंगुसाकडे असावी लागते. मोकळ्या टोकाला फास बांधला की साधन पूर्ण होते. गुंता टाळण्यासाठी ते फोमच्या नळीवर गुंडाळून ठेवतात.

वापर

गांडुळाच्या तोंडाकडील टोकात पुढचा आणि शरीराच्या मध्यभागी मागचा गळ टोचतात. दोन्ही गळांमधील भाग सरळ राहणे आवश्यक असते. तो वाकडा किंवा गोळा झालेला असल्यास आमिष स्वतःभोवती फिरते व तंगुसाला पीळ पडतो. हे साधन तळालगत ठेवण्यासाठी त्याच्यापुढे तारेला जडवलेले वजन जोडतात. दर 3 मीटर खोलीमागे सुमारे 28 ग्रॅम वजन, हा प्रचलित ठोकताळा आहे. नाव साधारणपणे ताशी 1.3 ते 2.4 किलोमीटर वेगाने चालवली जाते.

पर्यावरणीय परिणाम

हिमयुगातील बर्फाच्या थरांखाली गेलेल्या पंचमहासरोवरांच्या उत्तरेकडील प्रदेशात मूळची गांडुळे नव्हती. आमिष म्हणून विकले जाणारे ‘नाइटक्रॉलर’ (लुंब्रिकस टेरेस्ट्रिस) मूळचे युरोपातील आहे. शेतीत उपकारक मानला जाणारा हा जीव तेथील जंगलात मात्र हानिकारक ठरतो. तो जमिनीवरील पालापाचोळ्याचा थर झपाट्याने खाऊन टाकतो; त्यामुळे त्या थरात रुजणारी रोपे व रानफुले कमी होतात. गांडुळे स्वतःहून फार हळू पसरतात. मासेमारीनंतर काठावर टाकलेले उरलेले आमिष हे त्यांच्या प्रसाराचे एक प्रमुख कारण आहे. म्हणून ते जमिनीवर किंवा पाण्यात न टाकता कचराकुंडीत टाकण्याची सूचना मिनेसोटाचा नैसर्गिक संसाधन विभाग करतो.

शिशाची वजने हा दुसरा धोका आहे. तळातील खडे टिपताना किंवा गळासह मासा गिळताना ही वजने लून पक्ष्याच्या पोटात जातात आणि शिशाची विषबाधा होऊन तो मरतो. यावर पोलाद किंवा टंगस्टनची वजने हा पर्याय आहे.

जिवंत आमिष मासा अनेकदा खोलवर गिळतो. असा मासा सोडून द्यायचा असल्यास गळ ओढून काढण्याऐवजी तंगूस तोंडाजवळ कापणे अधिक सुरक्षित मानतात. एका दोरीवर किती गळ असावेत आणि कोणते आमिष चालते, याविषयीचे नियम राज्यानुसार व जलाशयानुसार वेगळे आहेत.