बेस गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ कसा पोहोचवाल? मंडळे आणि कलाकारांसाठी उपयुक्त माहिती

धानोरा : दिवाळी आटोपली की झाडीपट्टीत मंडई, शंकरपट आणि रात्रीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतील गावोगावी मांडव पडतात. नाटक कंपन्यांचे मुख्य केंद्र देसाईगंज म्हणजेच वडसा. याच रंगभूमीवरील कामासाठी गडचिरोली जिल्ह्यातील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

ऑर्गन आणि तबला ही इथली जुनी साथ. आता कीबोर्ड, ऑक्टोपॅड आले. ऑर्केस्ट्रा आणि लग्नाच्या कार्यक्रमांत बेस गिटारही दिसते. पण उघड्या मैदानात बेस वाजला की एक तक्रार हमखास येते : पुढे छाती धडधडते आणि मागे नुसती घरघर. गाण्याचे शब्द नाही, संवाद नाही. तिकीट काढून थंडीत मागे बसलेल्या माणसाची रात्र वाया जाते. हे टाळायला महागडा अँप्लिफायर लागत नाही. आहे तोच नीट लावावा लागतो.

घरघर होते कशामुळे?

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते. त्यापुढच्या तारा ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. ४१ हर्ट्झची एक लाट हवेत सुमारे ८ मीटर, म्हणजे २७ फूट लांब असते. एवढी लांब लाट चारही बाजूंना पसरते. बारीक, टोकदार आवाज मात्र स्पीकरच्या तोंडासमोर सरळ जातो.

अँप्लिफायरचा बॉक्स खाली जमिनीवर असतो आणि वाजवणारा त्याला खेटून उभा असतो. बोटांचा स्पष्ट आवाज त्याच्या गुडघ्यांवर जातो, कानापर्यंत येत नाही. त्याला वाटते, आपला आवाज कमी आहे. मग तो बेसचे बटण फिरवतो, आवाज वाढवतो. त्याला थोडे बरे ऐकू येते, पण मांडवभर घुमारा भरतो.

उपाय साधा आहे. बॉक्स खुर्चीवर किंवा मजबूत पेटीवर ठेवा, नाहीतर पुढच्या बाजूला खाली आधार देऊन त्याचे तोंड वर, वाजवणाऱ्याच्या कानाकडे करा. स्टेज फळ्यांचे आणि आतून पोकळ असेल तर ते ढोलासारखे घुमते. अशा वेळी बॉक्सखाली जाड फोम किंवा घडी घातलेली सतरंजी द्या. भिंत किंवा कोपरा जवळ असला की जाड आवाज आपोआप वाढतो. घुमारा जास्त वाटला तर बॉक्स भिंतीपासून दूर सरकवा.

आधी करंट, मग सूर

जनरेटरवर चालणाऱ्या कार्यक्रमात पहिली काळजी जिवाची. गिटारच्या तारा आणि माइकची जाळी दोन्ही धातूची. अर्थिंग बिघडलेले असेल तर हात तारांवर आणि ओठ माइकला लागताच झटका बसू शकतो. तो जीवघेणाही ठरू शकतो.

• जनरेटरचे अर्थिंग जाणकार वायरमनकडूनच करून घ्या. लाइनवर ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवा.
• गुणगुण थांबावी म्हणून तीन पिनांच्या प्लगमधली अर्थची पिन कधीही काढू नका. घरघर थांबवण्यासाठी डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’चा खटका असतो, तो वापरा.
• कार्यक्रमाआधी तारा आणि माइकची जाळी टेस्टरने तपासा. मात्र टेस्टर पेटला नाही म्हणजे सगळे सुरक्षित, असे धरू नका.
• हॅलोजन, लाइटिंग एका लाइनवर आणि साऊंड वेगळ्या लाइनवर ठेवा. आवाजातली खरखर त्यानेही कमी होते.

अँप्लिफायर ते स्पीकर बॉक्स या जोडणीला स्पीकरचीच जाड वायर लावा. गिटारची बारीक वायर तिथे तापते. मागे लिहिलेले ओहमही बघा. ८ ओहमचे दोन बॉक्स एकत्र जोडले की एकूण ४ ओहम होतात. अँप्लिफायरवर ‘कमीत कमी ८ ओहम’ लिहिले असेल तर ही जोडणी करू नका, मशीन जळेल. ट्यूबवाला अँप्लिफायर असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय सुरूच करू नका.

बटणे कोणत्या क्रमाने लावावीत?

१) सगळे टोन कंट्रोल मधोमध, म्हणजे घड्याळातल्या १२ वर ठेवा. मास्टर शून्यावर.

२) गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल तर ती अ‍ॅक्टिव्ह गिटार. तिच्यासाठी वेगळे इनपुट किंवा पॅडचे बटण असेल तर ते वापरा. वाजवून झाल्यावर पिन काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते.

३) कार्यक्रमात जेवढे जोरात वाजवणार तेवढे जोरात वाजवा आणि गेन वाढवा. क्लिपचा लाल दिवा लुकलुकला की गेन थोडा खाली घ्या. त्यानंतर मास्टर हळूहळू वाढवा.

४) आता कान लावून ऐका. ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास आवाजाचा दम असतो. २०० ते ३०० मध्ये बहुतेक वेळा गढूळपणा असतो, तो थोडा कमी करा. ७०० ते १००० हर्ट्झ, म्हणजे ‘मिड’, हा भाग सूर ओळखू येण्यासाठी लागतो. अनेक जण मिड पूर्ण बंद करतात. घरी एकट्याने वाजवताना ते गोड वाटते, पण ढोलक-कीबोर्डमध्ये बेस हरवून जातो. बेस ऐकू येत नसेल तर आधी मिड थोडा वाढवून बघा, आवाज नंतर.

जास्त वॅट म्हणजे जास्त आवाज?

१०० वॅटऐवजी २०० वॅटचा अँप्लिफायर आणला तर फक्त ३ डेसिबल वाढ मिळते. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० पट वॅट लागतात. आणि उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. म्हणून स्टेजवरच्या अँप्लिफायरकडून पूर्ण मैदानाची अपेक्षा करू नका. तो स्टेजवरच्या लोकांपुरता ठेवा. डीआय बॉक्समधून तीन पिनांची माइकची वायर मिक्सरला द्या आणि लोकांपर्यंतचा आवाज मोठ्या साऊंडमधून जाऊ द्या. गिटारची साधी वायर मिक्सरपर्यंत लांब ओढली तर आवाज बोथट होतो आणि खरखर येते.

मिक्सरवर प्रत्येक गायक आणि नटाच्या माइकला ‘लो कट’ लावा. हे बटण सहसा ८० ते १०० हर्ट्झखालचा आवाज कापते. बेसची धडधड माइकमध्ये शिरत नाही आणि संवाद मोकळे होतात. संवाद सुरू असताना मागे साथ असेल तर बेस खाली घ्या.

थंडी आणि दव

मध्यरात्रीनंतर गारठा वाढतो, तारांचा सूर सरकतो. प्रत्येक मध्यंतरात सूर पुन्हा जुळवा. अँप्लिफायर आणि जोडण्यांवर दव पडू देऊ नका, पण सुरू असलेला अँप्लिफायर ताडपत्रीत गुंडाळूही नका. त्याला हवा लागते.

नियम काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार लाऊडस्पीकरसाठी लेखी परवानगी लागते. उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे. सण-उत्सव आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दवाखाना, शाळा आणि न्यायालयाभोवती १०० मीटरचे शांतता क्षेत्र असू शकते. जाड आवाज भिंतींतून आरपार जातो, त्यामुळे शेजारच्या वस्तीची पहिली तक्रार बेसचीच असते. तारीख ठरवण्याआधीच पोलीस ठाण्यात विचारणा करावी.

शेवटची तपासणी

लोक येण्याआधी एकाला बेस वाजवायला आणि दुसऱ्याला माइकवर बोलायला लावा. साऊंडवाल्याने मिक्सर सोडून शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहावे. बोललेला प्रत्येक शब्द कळला पाहिजे आणि बेसचा प्रत्येक सूर वेगळा ओळखू आला पाहिजे. शब्द कळत नसतील तर बेस कमी करा. मांडव भरल्यावर आणखी एकदा मागे जाऊन ऐका. माणसे बसली की आवाज बदलतो.