औरस वारस आणि मानसपुत्र

वाङ्मयाच्या इतिहासात पूर्वसूरींच्या कृतीतून नवी कृती जन्मणे ही नित्याची घटना आहे. छंदावर वा रचनाबंधावर कोणाची मालकी नसते, म्हणूनच परंपरा चालत राहते. व्हिडिओ गेमच्या जगातही हेच घडते. तेथे खेळाचे नाव, पात्रे आणि चित्रे कंपनीच्या मालकीची असतात. खेळण्याची रीत मात्र सहसा कोणालाही उचलता येते. विस्मृतीत गेलेल्या खेळाचे नाव न घेता त्याचा गाभा पुढे नेणाऱ्या कृतीला तेथे ‘स्पिरिच्युअल सक्सेसर’ म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी ‘मानसपुत्र’ हा शब्द पूर्वीपासूनच आहे.

या नात्याचे ठळक उदाहरण जपानमध्ये सुरू होते. क्यूशू बेटावर वाढलेल्या यासुहिरो वादा यांना टोकियोत राहू लागल्यावर मागे सुटलेल्या ग्रामीण जीवनाचे मोल जाणवले. त्यातून १९९६ मध्ये ‘बोकुजो मोनोगातारी’ हा खेळ आला. शीर्षकातील ‘मोनोगातारी’ म्हणजे कथा. ‘गेंजी मोनोगातारी’ या अभिजात ग्रंथाच्या नावातला हाच तो शब्द. या खेळात युद्ध नाही. नायकाला आजोबांचे ओसाड शेत मिळते. पेरणी करावी, पाणी घालावे, गुरे सांभाळावीत, गावाशी स्नेह जोडावा. अडीच वर्षांनी आईवडील परततात, त्याच्या कष्टांचा हिशेब होतो आणि खेळ संपतो.

१९९७ मध्ये अमेरिकेत नात्सुमे कंपनीने हा खेळ ‘हार्वेस्ट मून’ या नावाने आणला. पुढे मालिका वाढली. पण २०१४ मध्ये विचित्र फारकत झाली. जपानी निर्मात्यांचे खेळ इंग्रजीत ‘स्टोरी ऑफ सीझन्स’ म्हणून येऊ लागले. ‘हार्वेस्ट मून’ हे नाव नात्सुमेकडेच राहिले आणि त्या नावाखाली वेगळेच खेळ निघू लागले. वंश एकीकडे गेला, आडनाव दुसरीकडे!

त्याच सुमारास अमेरिकेत एरिक बॅरोन हा तरुण एकट्याने काम करीत होता. २०११ मध्ये संगणकशास्त्राची पदवी घेऊनही नोकरी मिळेना, तेव्हा सराव म्हणून त्याने या मालिकेचे अनुकरण आरंभले. १९९९ च्या ‘बॅक टू नेचर’नंतर मालिकेचा कस उतरला, असे त्याचे मत होते. संहिता, चित्रे, संगीत आणि संवाद ही सारी कामे त्याने स्वतः केली. सुमारे साडेचार वर्षांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, ‘स्टारड्यू व्हॅली’ प्रसिद्ध झाला. डिसेंबर २०२४ पर्यंत त्याच्या ४ कोटी १० लाख प्रती विकल्या गेल्या.

विक्रीपेक्षा महत्त्वाचे आहे ते त्याने केलेले पूर्वकृतीचे वाचन. ओसाड शेत, ऋतुचक्र आणि गाव त्याने कायम ठेवले. हिशेबही ठेवला, तिसऱ्या वर्षाच्या आरंभी दिवंगत आजोबांचा आत्मा येऊन शेताची पाहणी करतो. मात्र त्यानंतर खेळ थांबत नाही. पहिल्या ‘बोकुजो मोनोगातारी’त नायक पुरुषच होता, येथे शेतकरी स्त्रीही असू शकते. बॅरोनच्या गावात मद्याच्या आहारी गेलेला तरुण आहे, युद्धावरून परतलेला सैनिक आहे, तंबूत राहणारा बेघर वृद्ध आहे. शिवाय एका बलाढ्य कंपनीचे दुकान गावात शिरले आहे आणि तिला साथ द्यायची की पडके समाजगृह पुन्हा उभे करायचे, हा निर्णय खेळणाऱ्यावर सोपवला आहे. वादांचे गाव शहरात बसून आठवलेले आहे. बॅरोनचे गाव शहरी नोकरीला विटलेल्या माणसाने आश्रयासाठी गाठलेले आहे. वीस वर्षांच्या अंतराने बदललेले वास्तव मानसपुत्राने असे नोंदवले आहे.

तरीही या कथेला ‘एकट्या प्रतिभावंताचा विजय’ म्हणून सोडून देणे उचित नव्हे. रमतगमत केलेल्या श्रमाचे गोडवे गाणारा हा खेळ रोज सुमारे दहा तास राबून घडला. बॅरोन सिॲटलमधील एका नाट्यगृहात अर्धवेळ काम करी. घराचा मुख्य भार त्याच्या सहचरीच्या मिळकतीवर होता. पूर्वजांचे नाव कायद्याने औरस वारसाकडे राहिले. परंपरा टिकवण्याचा खर्च मात्र दोन माणसांच्या संसाराने सोसला. अशा कृतींचा इतिहास लिहिताना हा जमाखर्च वगळून चालणार नाही.