शेवटी कोणी गावे?

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संगीतविषयक चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आमच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो अधिकाराचा. आम्ही गायक नाही आणि संगीतशास्त्राचे अभ्यासकही नाही. केंद्र सरकारच्या सेवेत फायलींवर शेरे लिहिण्यातच आमच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली. परंतु मैफल ऐकून घरी परतताना वाद घालण्याचा जो अधिकार प्रत्येक श्रोत्यास आपोआप प्राप्त होतो, तो आमच्यापाशी निश्चित आहे. त्या वादाचाच थोडासा इतिहास येथे सांगावयाचा आहे.

निमित्त घरचेच झाले. महोत्सवाच्या सांगीतिक रात्रीचा विचार करण्यासाठी कार्यकारिणीची बैठक पंडरीस आमच्या घरी भरली. कापड बाजारातील दुकाने बंद होण्याच्या सुमारास सुरू झालेली ही बैठक चहाच्या तीन फेऱ्या झाल्या तरी आटोपेना. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "पन्नास वर्षांतून एकदा येणारा हा योग. पुण्यामुंबईचे मोठे नाव नसेल, तर आपली पत्रिका वाचणार कोण?" त्यावर एका वहिनींनी शांतपणे विचारले, "काका, मोठे नाव एक रात्र गाऊन परत जाईल. आपली मुले मग गाणार कुठे?" जमलेली वर्गणी एकाच बाजूस पुरणारी होती. बैठक निर्णयावाचून उठली. परंतु तो प्रश्न काही आमच्या मनातून उठेना.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. दिनांक ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनीच्या आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधराच्या भूमिकेत, असा तो अपूर्व योग होता. एरवी दोन स्वतंत्र मंडळ्यांचे नायक असणारे हे दोघे एका रंगभूमीवर उभे राहिल्यावर प्रेक्षकांचे दोन तट पडले नसते तरच नवल! कोण कोणापेक्षा सरस ठरला, याचा खल पुढे कित्येक वर्षे चालला. केशवराव त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी निवर्तले. त्यामुळे त्या वादाचा निकाल कधी लागलाच नाही.

परंतु अनेक कलावंतांच्या महोत्सवात हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण तेथे क्रम लावावा लागतो. आपल्या मैफलीची जुनी रीत अशी, की नवख्याने आधी गावे आणि बुजुर्गाने शेवटी. या रीतीमागे केवळ मानपान नाही. राग वेळेशी बांधलेले असतात. रात्रभर चालणाऱ्या मैफलीत जो अखेरीस बसतो, त्याच्या वाट्याला पहाट येते. आणि पहाट म्हणजे ललत, भैरव, तोडी व शेवटी भैरवी. म्हणून 'शेवटी कोण?' या प्रश्नाचा अर्थ 'पहाट कोणाच्या हाती द्यावयाची?' असाही होतो.

पाश्चात्त्य देशांतही शेवटच्या स्थानाचे महत्त्व असेच आहे; मात्र ते स्थान दर वेळी लाभतेच असे नाही. १९६९ साली अमेरिकेतील वुडस्टॉकच्या महोत्सवात जिमी हेंड्रिक्स हा गिटारवादक सर्वांत शेवटी वाजविणार होता. कार्यक्रम लांबत लांबत त्याची पाळी सोमवारी सकाळी आली, आणि तोपर्यंत लाखोंचा जनसमुदाय बहुतांशी पांगला होता!

या संदर्भात सर्वांत बोलका इतिहास आहे तो पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचा. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, अर्थात सवाई गंधर्व, १९५२ साली निवर्तले. दुसऱ्याच वर्षी त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी पुण्यात गुरूंच्या पुण्यस्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळाने तो चालविला आणि पाहता पाहता एका शिष्याच्या गुरुदक्षिणेचा अखिल भारतीय सोहळा झाला. गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर ही गुरुभावंडे तेथे वर्षानुवर्षे गायिली. मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, जसराज, किशोरी आमोणकर अशा भिन्न वळणांच्या गायकांनीही ते व्यासपीठ भूषविले. समारोपास भीमसेनांनीच गावे, हा श्रोत्यांच्या दृष्टीने जणू अलिखित नियम ठरला.

तथापि वाद थांबले नाहीत. किराणा घराण्यास झुकते माप मिळते काय? वाद्यवादनास आणि नृत्यास किती वेळ द्यावा? तीच ती नावे किती वर्षे ऐकावयाची? रमणबागेच्या पटांगणावर घोंगडीत गुरफटून बसलेल्या रसिकांत या प्रश्नांवर चहाच्या पेल्यागणिक चर्चा झडत असे. पुढे ध्वनिक्षेपकांवर रात्रीचे कायदेशीर निर्बंध आले, रात्रभरच्या मैफली बंद पडल्या आणि पहाटेचे ते आसनच क्रमातून नाहीसे झाले. भीमसेनांच्या उतारवयात आणि २०११ साली त्यांचे निधन झाल्यावरही समारोपाचे स्थान डॉ. प्रभा अत्रे यांनी अनेक वर्षे सांभाळले. जानेवारी २०२४ मध्ये त्याही गेल्या आणि जुना प्रश्न पुन्हा नवा झाला.

परंतु या महोत्सवाची एक प्रथा आम्हांस सर्व वादांहून थोर वाटते. शेवटचा कलावंत उठून गेल्यावर स्वतः सवाई गंधर्वांची भैरवीतील जुनी ध्वनिमुद्रिका वाजविली जाते आणि हजारो श्रोते ती निःशब्दपणे ऐकतात. अखेरचे स्थान गुरूचे! त्याबद्दल आजवर कोणी हरकत घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता आपल्या रायपूरकडे वळू. २०१२ च्या राज्योत्सवात मुंबईहून करीना कपूर यांना पाचारण करण्यात आले, तेव्हा बाहेरचे तारे आणावेत की पंडवानी आणि पंथीच्या येथील कलावंतांना अग्रस्थान द्यावे, यावर शहरात बराच ऊहापोह झाला. ज्या भूमीने तीजनबाई दिल्या, तेथे हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविकच होते. अभिजात संगीताच्या बाबतीतही हा प्रदेश रिकाम्या हाताचा नाही. खैरागढच्या राजा-राणीने आपल्या दिवंगत कन्येच्या नावे राजवाडा दिला आणि १९५६ साली तेथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभे राहिले. पंडित भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे त्याच्या आरंभीच्या काळात कुलगुरू होते. एका मराठी माणसाने जेथे संगीतशिक्षणाची घडी बसविली, ते स्थान आपल्या दारापासून काही तासांच्याच अंतरावर आहे.

आणि येथेच आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्याच एका कार्यक्रमात बाहेरगावचे नामवंत गायक यावेत, असा आग्रह धरणाऱ्यांत आम्ही अग्रभागी होतो. त्यांच्या आधी आपल्यातीलच एक तरुण गाणार होता. सत्काराची भाषणे लांबली, पाहुण्यांना रात्रीची गाडी गाठावयाची होती, म्हणून त्या मुलाचा पाऊण तास कापून पंधरा मिनिटांवर आणला. ती चिठ्ठी त्याच्या हाती देणारे आम्हीच. त्याने विलंबित ख्याल सोडून दिला, एक छोटी चीज म्हटली, नमस्कार केला आणि तो उठला. पाहुण्यांचे गाणे उत्तमच झाले. त्या मुलाला मात्र आम्ही पुन्हा आपल्या व्यासपीठावर पाहिले नाही.

त्या रात्री एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. १९४६ साली पुण्यात सवाई गंधर्वांच्या षष्ट्यब्दीचा समारंभ झाला. त्या समारंभात एक तरुण शिष्य गायिला आणि तेथपासून त्याचे नाव गाजू लागले. तो तरुण म्हणजे भीमसेन जोशी. त्या दिवशी कोणी त्यांच्या हाती पंधरा मिनिटांची चिठ्ठी दिली असती तर?

सारांश, शेवटच्या नावाविषयी वाद अवश्य व्हावा. जेथे श्रोते भांडत नाहीत, तेथे ते ऐकतही नाहीत, असे आमचे मत आहे. परंतु मोठे नाव शेवटी बसते ते आधी बसलेल्यांच्या आधारावर. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वर्षात अशा मैफली एक-दोनच येतात, म्हणून आपण सारा जीव शेवटच्या नावावर टाकतो. आणि पहिला गायक मात्र आपल्याच घरचा असल्यामुळे गृहीत धरला जातो.

म्हणून पुढील बैठकीत आम्ही असा ठराव मांडणार आहोत, की अखेरचे स्थान पाहुण्यांचे असावे आणि ते पाहुणे वर्गणी झेपेल तेवढेच मोठे असावेत. मात्र पहिला एक तास आपल्या मुलांचा राहावा आणि भाषणे कितीही लांबली तरी त्यातील एक मिनिटही कापले जाऊ नये. ठरावास विरोध होईलच. काका मोठ्या नावाचा आग्रह सोडणार नाहीत आणि वहिनीही माघार घेणार नाहीत. चहाची सिद्धता आम्ही करून ठेवली आहे.