घरमालक, बिऱ्हाडकरू आणि नगरपालिका

एकाच वाड्यात चार बिऱ्हाडे नांदू लागली, म्हणजे जिना, मोरी, नळ आणि शौचकूप ही सर्वांची होतात आणि म्हणूनच कोणाचीच राहत नाहीत. भाडे घ्यावयास मालक वेळेवर येतो. छप्पर गळू लागले की तो दिसेनासा होतो. अशा वेळी बिऱ्हाडकरू नगरपालिकेकडे धाव घेतो. ही धाव त्याला कोठवर नेते, याचा इतिहास मनोरंजक असून काहीसा खेदजनकही आहे.

या इतिहासाचा आरंभ मुंबईत शोधावा लागतो. १८९६ साली तेथे प्लेगची साथ उद्भवली आणि १८९८ साली शहरसुधारणेसाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निर्माण झाला. रोगट वस्त्या पाडण्याचा त्याचा उत्साह दांडगा होता. परंतु घरे पडली त्या वेगाने नवी उभी राहिली नाहीत. निर्वासित बिऱ्हाडे शेजारच्या चाळींत दाटीने शिरली. घर वाईट म्हणून पाडले, तर राहणाऱ्याचे हित होतेच असे नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

पुढे १९१८ साली मुंबईत भाड्यावर पहिले निर्बंध आले व १९४७ च्या कायद्याने ते दृढ झाले. भाडे गोठले, तशी मालकांची दुरुस्तीची इच्छाही गोठली. जुन्या चाळी कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन होऊन त्यासाठी उपकर बसविण्यात आला.

हे मंडळ मुंबई बेटापुरतेच. गोंदियाची वाट निराळी होती. रेल्वेचे जंक्शन, भाताच्या गिरण्या आणि विड्यांचे कारखाने यांमुळे माणसांची ये-जा असलेले हे गाव तेव्हा मध्यप्रांताच्या भंडारा जिल्ह्यात मोडत असे. तेथे १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश लागू झाला. त्यान्वये बिऱ्हाडकरूला काढावयाचे, तर मालकाने प्रथम भाडेनियंत्रकाची परवानगी मिळवावी, नंतर नोटीस द्यावी आणि मग दिवाणी दावा लावावा, असा क्रम होता. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा बनला. तरी हा आदेश टिकून होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा अमलात आला, तेव्हा त्याचा अंत झाला व हे कज्जे दिवाणी न्यायालयात गेले.

नव्या कायद्याने बिऱ्हाडकरूच्या पदरी पुष्कळ टाकले आहे. घर राहण्याजोगे ठेवण्याचे बंधन मालकावर आहे. नोटिशीनंतर निदान १५ दिवसांची वाजवी मुदत देऊनही त्याने दुरुस्ती न केल्यास बिऱ्हाडकरूंनी ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नसावी. पाणी, वीज, जिन्यातील दिवा यांसारख्या सोयी मालकाला विनाकारण तोडता येत नाहीत.

परंतु खरी मेख पुढेच आहे. भाड्याचा वाद न्यायालयाकडे आणि इमारतीची सुरक्षितता १९६५ च्या अधिनियमाप्रमाणे नगरपरिषदेकडे, अशी ही विभागणी आहे. नगरपरिषद घर पाहते. घरातील माणूस तिच्या कक्षेत क्वचितच येतो. भिंतीला भेग पडल्याची तक्रार गेली, तर उत्तरादाखल इमारत पाडण्याचा हुकूमही येऊ शकतो. आणि असा हुकूम हे त्याच भाडेनियंत्रण कायद्यात बिऱ्हाडकरूला बाहेर काढण्याचे एक कारण आहे! ज्याने फिर्याद केली, त्याच्याच डोक्यावर निकाल कोसळावा, अशी ही गत. म्हणून शहाणा बिऱ्हाडकरू गळक्या छपराखाली भांडे मांडतो आणि गप्प बसतो. मालकालाही हे ठाऊक असते.

या अंधारात २०१४ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय आशादायक वाटतो. महापालिकेने इमारत पाडली, एवढ्याने भाडेकरूचा हक्क नाहीसा होत नाही, असे न्यायालयाने त्यात ठरविले. परंतु हक्क कागदावर जिवंत राहिला, तरी पावसाळा उघड्यावर काढावा लागतो. स्थानिक संस्थेने पाडण्याच्या हुकमाआधी मालकाला दुरुस्तीस भाग पाडावे आणि घर रिकामे करावयाचे, तर माणसांची सोय प्रथम पाहावी. तोवर मुंबईचा सव्वाशे वर्षांपूर्वीचा धडा आपण शिकलो, असे म्हणता येणार नाही.