गावठाण फीडरवरची फटफटी

जालन्यातल्या शोरूममध्ये शिरलेलं गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग सीटवर बसून हँडल डावी-उजवीकडे फिरवतं. पण विचारायचा पहिला प्रश्न ठरलेलाच असतो : ॲव्हरेज किती देते? गेल्या चाळीस वर्षांत बाजारात कितीतरी मॉडेलं आली नि गेली, हा प्रश्न जागचा हलला नाही. आता बॅटरीवरच्या गाड्या आल्या, तेव्हा त्याचे शब्द तेवढे बदलले. ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ कंपनी ती गाडी हिरव्या भविष्याची म्हणून विकते आणि घेणारा तिला थेट राजदूतच्या रांगेत उभी करतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, कारण या जिल्ह्यात मोटारसायकलीची परीक्षा कायम त्याच चार-पाच गोष्टींवर झालेली आहे.

मुळात हा जिल्हाच मोटारसायकलीच्या पिढीचा. १ मे १९८१ रोजी औरंगाबादचे तालुके आणि परभणीचा परतूर मिळून जालना जिल्हा झाला. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे १९०० सालीच आली होती, पण ती जालना-परतूर अशी एका रेषेत जाते. भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, मंठा ही सगळी गावं एसटीच्या भरवशावर. नवं कलेक्टर ऑफिस झालं, कोर्टकचेरीची आणि मोंढ्याची कामं जालन्यात एकवटली, तशी ‘सकाळी जाऊन दिवेलागणीला परत’ या हिशेबाची गरज तयार झाली. एसटी चुकली की मुक्काम पडायचा. तो मुक्काम वाचवणारं वाहन म्हणजे फटफटी.

सुरुवातीची फटफटी बहुधा राजदूत असायची. पोलंडच्या एसएचएल गाडीच्या बनावटीवर एस्कॉर्ट्सने काढलेली ही १७३ सीसीची टू-स्ट्रोक, गिअर तीनच. दिसायला ओबडधोबड, आवाज दोन शेतं पलीकडे जाणारा. सिनेमात ‘बॉबी’च्या जोडीने १९७३ साली राजदूतची छोटी बहीण मिरवली, मराठवाड्यातली थोरली मात्र दुधाचे कॅन वाहत होती. दोन्ही बाजूंना कॅन, मागे कडब्याची पेंढी, टाकीवर पोरगं. इंजिन रागावलं की पान्याने प्लग काढायचा, काजळी पॉलिश पेपरने घासायची, फुंकर मारून परत बसवायचा. पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं हे ज्याला कळलं, तो अर्धा मिस्त्री झालाच.

त्यातही खरी परीक्षा जून-जुलैत. इथली काळी माती पहिल्या पावसात लोण्यासारखी होते आणि चाकाला धरून वर चढते. पुढचं मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये ती इतकी घट्ट बसते की चाक फिरायचंच थांबतं. मग चालवणारा उतरतो, बाभळीची काटकी शोधतो, चिखल उकरतो, वीस पावलं पुढे जातो आणि पुन्हा उतरतो. म्हणून शेतरस्त्याच्या माणसांनी पावसाळ्यापुरती मडगार्डं उचलून बसवली, काहींनी काढूनच टाकली. मोठ्या चाकाची गाडी इथे का चालते आणि स्कूटर डांबरी सोडून खाली का उतरत नाही, याचं उत्तर या चिखलात आहे. पुण्या-मुंबईत नोंदणीनंतर वर्षानुवर्षं थांबून लोक बजाजची चेतक मिळवत होते, त्या काळातही शेतवस्तीवर राहणाऱ्याला तिचं फारसं आकर्षण नव्हतं.

१९८५ हे साल या गोष्टीत दोनदा येतं. त्या वर्षी बजाजचा कारखाना औरंगाबादजवळच्या वाळूजला सुरू झाला आणि त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली. वाळूजमुळे मोटारसायकल हे वापरण्याबरोबर बनवण्याचंही वाहन झालं. मराठवाड्यातल्या आयटीआय झालेल्या पोरांना ‘कंपनीत लागणं’ म्हणजे काय, ते तिथेच कळलं. सीडी १०० ने वेगळीच कळ दाबली. फोर-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची भानगड नाही, आणि एका लिटरमध्ये ८० किलोमीटरचा दावा. याच सुमारास आलेल्या यामाहा आरएक्स १०० वर कॉलेजची पोरं भाळली, तिचा पिकअप आजही आठवणीत आहे. पण शेतकरी बापाने पैसे मोजले ते ॲव्हरेजला. १९९४ च्या स्प्लेंडरने तर हा वाद मिटवूनच टाकला. एमएच-२१ ची पाटी लावलेली स्प्लेंडर आजही प्रत्येक आठवडी बाजाराबाहेर रांगेने उभी दिसते.

या मोटारसायकलींच्या जोडीला एक मजेशीर वर्ग होता : कायनेटिकची लूना आणि बजाजची एम-८०. लूना १९७२ ची, ५० सीसीची, पेट्रोल संपलं तर पायडल मारा. शिक्षक, कंपाउंडर, पोस्टमन यांची गाडी. एम-८० दिसायला काहीच नाही, पण तिच्यावर भाजीची पोती, कोंबड्यांचे खुराडे, बर्फाच्या लाद्या असं सगळं गेलं. वाहनांच्या इतिहासात या गाड्यांना कुणी मानाचं पान देत नाही. जालन्याच्या मोंढ्याचा इतिहास लिहायचा तर द्यावं लागेल.

पैसा कुठून आला, तेही सांगायला हवं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली आणि हे गाव बियाण्यांचं झालं. संकरित कापूस, भाजीपाल्याचे सीड प्लॉट, अंबड-घनसावंगीकडची मोसंबी, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातली मिरची. पीक हाती आलं की दसरा-दिवाळीला दारात गाडी. फायनान्सवाले आल्यावर तर डाऊन पेमेंटपुरता कापूस झाला तरी धकायला लागलं. यात एक काळी बाजूही आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून असताना लग्नाच्या बैठकीत ‘गाडी’ हा शब्द बिनदिक्कत निघू लागला, आणि मुलीच्या बापाने हप्ते फेडलेल्या किती मोटारसायकली या रस्त्यांवर धावल्या, याची मोजदाद कुठल्याच आरटीओकडे नाही.

उलट शेतकऱ्याने गाडीकडून जे काम करून घेतलं, ते कंपनीच्या पुस्तकात नव्हतं. गुजरातेत अमरेलीच्या मनसुखभाई जगानींनी बुलेटच्या मागच्या चाकाच्या जागी कोळप्याचा साचा बसवला आणि ‘बुलेट सांती’ तयार केली. आपल्याकडे तेवढी करामत झाली नाही, पण २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात मोसंबीच्या बागा जळत असताना मोटारसायकलीला चार-चार कॅन बांधून पाणी आणलं गेलं. गाडीने काय काय केलं पाहिजे, याची यादी अशा दिवसांत लांबत गेली.

आता विजेकडे. वीज या शहराला मुळीच नवी नाही. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई करणाऱ्या इंडक्शन भट्ट्या विजेवरच चालतात आणि स्टीलवाल्यांचं सगळं गणित युनिटच्या दरावर हलतं. तरीही विजेच्या दुचाकीची पहिली लाट इथे आली कधी आणि विरली कधी, फारसं कुणाला आठवत नाही. २००६-०७ च्या सुमारास ‘यो’ आणि हिरो इलेक्ट्रिकसारख्या स्कूटरी देशात निघाल्या. शिशाच्या जड बॅटऱ्या, २५० वॅटच्या आतली मोटार, ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग, त्यामुळे लायसन्स नको, पासिंग नको. पण नेमका तोच काळ महाराष्ट्रातल्या भीषण भारनियमनाचा. ग्रामीण भागात निम्मा दिवस वीज नसायची. मोबाइल चार्ज करायला तालुक्याला जाणाऱ्या माणसाला स्कूटर चार्ज करायला सांगणं ही थट्टाच होती.

दुसरी लाट २०१९ नंतरची, आणि ती गंभीर आहे. केंद्राची फेम-२ योजना एप्रिल २०१९ मध्ये लागू झाली. त्याच वर्षी रिव्होल्टची आरव्ही ४०० ही विजेवरची मोटारसायकल आली, पाठोपाठ बजाजने चेतक हे जुनं नाव विजेच्या स्कूटरला देऊन जानेवारी २०२० मध्ये ती बाजारात उतरवली. २०२२ च्या जानेवारीत पुण्याच्या टॉर्कने क्रेटॉस मोटारसायकल आणली. मार्च २०२२ मध्ये पुण्यात भर रस्त्यात पेटलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरचा व्हिडिओ गावोगावच्या मोबाइलवर फिरला, आणि त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. नियम लक्षात राहिले नाहीत, व्हिडिओ राहिला.

या लाटेत जालन्यासारख्या जिल्ह्याच्या सर्वांत जवळ आली ती पुन्हा लूनाच. कायनेटिक ग्रीनने फेब्रुवारी २०२४ मध्ये ई-लूना काढली : २ किलोवॅट-तासाची बॅटरी, ११० किलोमीटरचा दावा, १६ इंचाची चाकं, १५० किलो ओझं. आकडे वाचले की कळतं, कुणीतरी मोंढ्यात जाऊन आलेलं आहे. चाक मोठं ठेवलं आणि ओझ्याचा आकडा जाहिरातीत पुढे आणला, या दोन गोष्टींत स्प्लेंडरवाल्याची भाषा आहे.

पण स्प्लेंडरवाल्याला लूना नको आहे, मोटारसायकल हवी आहे. देशात विजेवर विकल्या जाणाऱ्या दुचाकींत जवळपास सगळ्या स्कूटरच आहेत. कारण सरळ आहे. स्प्लेंडरच्या टाकीत दहाएक लिटर पेट्रोल बसतं, त्यात गडी आरामात सहाशे किलोमीटर जातो आणि टाकी पाच मिनिटांत भरते. आरव्ही ४०० ची बॅटरी ३.२४ किलोवॅट-तासाची, ती पूर्ण भरायला चार-पाच तास लागतात. जालना ते छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) एका बाजूने साठ किलोमीटर आहे. जाऊन-येऊन एकशेवीस, शिवाय तिथल्या ‘घाटी’ या सरकारी दवाखान्यापासून औषधांच्या दुकानापर्यंतची चक्कर. डबलसीट, समोरून वारा, मे महिन्याचं ऊन. कागदावरची रेंज इथे कामाची नाही, आणि हे गिऱ्हाइकाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. कागदावरच्या ॲव्हरेजवर त्याने चाळीस वर्षांत कधी विश्वास ठेवलेला नाही.

मिस्त्रीचा मुद्दा याहून अवघड. आजवरची प्रत्येक गाडी गावातल्या टपरीवजा गॅरेजात उघडता आली. पिस्टन, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, सगळं मोंढ्याजवळच्या दुकानात मिळतं. बॅटरीचं खोकं सीलबंद असतं आणि कंट्रोलर बिघडला की तो बदलायचा, दुरुस्त करायचा नाही. गाडी रस्त्यात बंद पडली तर टोचन करून आणायची, आणि आणायची कुठे, तर जिल्ह्याच्या गावाला. आफ्रिकेत, जिथे बजाजच्या बॉक्सरने मोटारसायकल टॅक्सीचा धंदा उभा केला, तिथे रवांडाच्या अँपरसँड कंपनीने २०१९ पासून वेगळी वाट धरली : बॅटरी चालकाच्या मालकीची नाही, संपली की केंद्रावर बदलून घ्यायची. किगालीसारख्या दाट शहरात ते जमतं. मंठ्यापासून जाफराबादपर्यंत विखुरलेल्या वस्त्यांना किती केंद्रं लागतील, हा हिशेब वेगळा.

म्हणून इथल्या माणसाची नव्या मॉडेलकडून सर्वांत मोठी अपेक्षा मोटारीशी निगडित नाहीच. ती प्लगशी निगडित आहे. महावितरणने गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे केले, त्यामुळे गावात वीज बऱ्यापैकी टिकते, शेतातल्या थ्री फेजला मात्र ठरावीक तास, तेही पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री. शेतवस्तीवर राहणाऱ्याची गाडी उभी असते ती नेमकी या दुसऱ्या तारेखाली. बॅटरी काढून घरात नेता आली पाहिजे, हे शहरात सोयीचं कलम आहे. इथे ती अट आहे. आरव्ही ४०० ची बॅटरी निघते, पण तिचं वजन मोसंबीच्या भरल्या क्रेटला भिडतं. म्हाताऱ्या माणसाने ती उचलून गावठाणातल्या भावाच्या घरी लावायची, हे कल्पनेत ठीक.

पेट्रोलच्या बाजूलाही सुख नाही. मनमाडजवळच्या डेपोंतून टँकरने येणारं तेल मराठवाड्यात महागच पडतं. शेजारच्या परभणीचा दर २०१८ साली देशातल्या सर्वाधिक दरांत गणला जात होता. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि पेट्रोलच्या गाडीने थोडी उसंत घेतली. विजेच्या गाडीवरचा कर ५ टक्केच आहे. पण दोघींनाही समृद्धी महामार्गावर बंदी. जिल्ह्याच्या शेतांतून गेलेल्या त्या रस्त्यावर दुचाकी चालत नाही, तेव्हा रेंज कितीही वाढली तरी चाक जुन्याच रस्त्याला.

अथरचा नवा कारखाना बिडकीनला, ऑरिक वसाहतीत, व्हायचं २०२४ मध्ये जाहीर झालं. वाळूजसारखीच मराठवाड्याची ही दुसरी संधी, मात्र ती कंपनी स्कूटर बनवते. दरम्यान जालन्याच्या शेतांत वेगळंच काही उगवलं आहे : सौर पंपांची पॅनेलं. पंप वर्षातले कितीतरी दिवस बंद असतो आणि ऊन फुकट जातं. केंद्राच्या कुसुम योजनेत याची सोय कागदावर आहेही. साध्या कंट्रोलरऐवजी युनिव्हर्सल कंट्रोलर बसवला, तर त्याच पॅनेलवर पिठाची चक्की, कडबा कुट्टी आणि बॅटरी चार्जर चालवता येतो. वस्तीवरच्या माणसाला मोटारसायकल विकायची असेल, तर कंपन्यांनी गाडीबरोबर तो कंट्रोलर विकायचा विचार आधी करावा.