शिकारी रायफलीची निवड : दख्खनच्या अनुभवाच्या प्रकाशांत

व्यक्ति तितक्या प्रकृति ही म्हण शिकाऱ्यांच्या मंडळींत जितकी खरी ठरते तितकी अन्यत्र क्वचितच ठरत असेल. शिकारीसाठीं कोणती रायफल घ्यावी, असा प्रश्न ज्यांनीं ती बाळगली आहे अशा दहा जणांस केला, तर प्रत्येक जण आपल्या खांद्यावरचीच वाखाणील. आणि वाखाणतांना जीं कारणें देईल तीं बहुतांशीं त्या हत्याराच्या गुणांचीं नसून त्याच्या मुलखाचीं, त्याच्या सावजाचीं आणि त्याच्या सरकारचीं असतील. यांपैकीं शेवटच्या कारणाकडे लिहिणारांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. पाश्चात्य देशांत रायफलीच्या गुणदोषांवर ग्रंथांचे ग्रंथ झाले. परंतु जेथें गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्यापूर्वींच कायद्यानें अर्धा माल उचलून ठेविलेला असतो, तेथें मालकाच्या मताला किती किंमत द्यावयाची, याचा विचार आपला आपणांसच केला पाहिजे.

विवेचनाच्या सोयीसाठीं आम्ही केजचा मुलूख घेतों. बालाघाटाच्या पठारावर, मांजरेच्या खोऱ्यांत वसलेला हा बीड जिल्ह्यांतील तालुका. काळी जमीन, ज्वारीचीं शेतें, मधून मधून बोडके माळ आणि दगडाळ डोंगरांच्या रांगा. मेळघाटासारखें दाट अरण्य येथें नाहीं व पट्टेदार वाघाची ही भूमि नव्हे. येथील सावज म्हणजे माळावरचें काळवीट, ओढ्याकांठचें रानडुक्कर, मेंढपाळांचा वैरी लांडगा आणि डोंगराच्या कपारींतला बिबट्या. काळविटाचा कळप माणसास जवळ येऊं देत नाहीं. दीडदोनशें पावलांवरून नेम धरावा लागतो, आणि तेवढ्या अंतरांत गोळी फार खालीं उतरली तर चालत नाहीं. उलटपक्षीं, अशा उघड्या मुलखांत चुकलेली गोळी कोसभर जाऊं शकते, आणि त्या कोसाच्या आंत कोणी खुरपीत असतो, कोणी गुरें वळीत असतो. घनदाट जंगलांत चुकलेली गोळी झाडाच्या बुंध्यांत अडकण्याचा संभव तरी असतो; ज्वारीच्या रानांत तो नाहीं. लांबचा मारा तर हवा आणि लांबचा मारा तर नको, असा हा पेंच आहे. छऱ्याची दुनळी बंदूक बाळगणारांनीं रायफल बाळगणारांस नेहमींच हा टोमणा मारलेला आहे, आणि आमच्या मतें त्यांत पुष्कळ तथ्य आहे.

या मुलखास बंदूक नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकांत मोंगलाईंत अरब व रोहिले यांच्या हातांत तोड्याच्या बंदुका सर्रास दिसत. केजच्या शेजारीं अंबाजोगाई, म्हणजे त्या काळचें मोमिनाबाद, येथें हैदराबाद काँटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ सालीं ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यांत विलीन झाली. त्या फौजेंत नोकरी केलेले ब्रिगेडियर जनरल बर्टन यांनीं दख्खनमधील शिकारीवर व वन्य प्राण्यांवर १९२८ सालीं एक ग्रंथच प्रसिद्ध केला. गोऱ्या अधिकाऱ्यास लंडनच्या नामांकित कारागिराकडून दुनळी रायफल घडवून घेतां येई. त्या दुनळीच्या दोन नळ्या एकाच बिंदूवर नेम साधतील अशा जुळविणें हें महिनोन्महिन्यांचें काम असे व तिची किंमतहि तशीच असे. गांवच्या देशमुखास किंवा वतनदारास तें परवडण्याजोगें नव्हतें. त्याच्यासाठीं रायफल म्हणजे कारखान्यांतून निघालेली, एकसारख्या हजारों नगांपैकीं एक, बोल्टची रायफल.

बोल्ट म्हणजे काय हें ज्या वाचकांनीं पाहिलें नसेल त्यांनीं दाराची खीळ डोळ्यांपुढें आणावी. मूठ वर उचलून दांडा मागें ओढला कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें. पुढें ढकलून मूठ खालीं पाडली कीं नवें काडतूस नळींत बसून दार बंद होतें. या साध्या युक्तीचीं दोन मोठीं घराणीं झालीं. एक जर्मन पॉल मौझर याचें, ज्याचा परमोत्कर्ष १८९८ च्या नमुन्यांत दिसतो. दुसरें स्कॉटलंडांत जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली याचें, ज्यावरून इंग्रजी सैन्याची ली-एन्फील्ड निघाली. मौझरमध्यें दांड्यास अडकविणारे कान पुढें, नळीच्या तोंडाशीं असतात; म्हणून तो दारूचा अधिक जोर सोसतो. त्याचा लांब आंकडा काडतूस पेटींतून निघतांच त्याची कड धरून ठेवितो. लीमध्यें कान मागच्या बाजूस असल्यामुळें दांडा किंचित् लवतो व फार जोराचें काडतूस त्यास मानवत नाहीं; परंतु त्याची चाल मोकळी व जलद, आणि धुळीची त्यास मौझरइतकी क्षिति नाहीं. ज्यानें फाल्गुनांतला मराठवाडा पाहिला आहे त्यास या शेवटच्या गुणाचें मोल सांगावयास नको.

आतां सरकारकडे वळूं. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत १८७८ सालीं हत्यारांचा कायदा झाला व त्याखालच्या नियमांनीं युरोपियनांस जी सूट मिळाली ती एतद्देशीयांस मिळाली नाहीं. १८८७ च्या मद्रास येथील राष्ट्रीय सभेंत याविरुद्ध ठराव झाला, आणि गांधींनीं तर एका सबंध राष्ट्रास निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळा गणला जाईल असें लिहून ठेविलें आहे. केज निजामाच्या राज्यांत असल्यामुळें खालसा मुलुखाचा हा कायदा तेथें थेट लागू नव्हता हें खरें; परंतु निजामाच्या राज्यास समुद्रकिनारा नव्हता, आणि विलायती रायफल इंग्रजांच्या बंदरांतूनच यावयाची. परवान्याच्या अडचणींहून आमच्या विषयास अधिक महत्त्वाची गोष्ट अशी कीं, सैन्याचें काडतूस खाजगी माणसाच्या हातीं पडूं नये म्हणून सरकारनें सैन्याचे व्यासच शिकाऱ्यांस वर्ज्य केले. १९०७ च्या सुमारास .४५० व्यासावर बंदी आली. हा व्यास तर गोऱ्या शिकाऱ्यांचा लाडका. म्हणून लंडनच्या कारागिरांनीं.४६५, .४७०, .४७५ अशीं नवीं काडतुसें काढून बंदीस बगल दिली. आफ्रिकेंत हत्तीच्या शिकारीस पुढें जीं काडतुसें जगप्रसिद्ध झालीं त्यांतील कित्येकांचा जन्म हिंदुस्थान सरकारच्या या एका हुकुमांतून झालेला आहे.

सामान्य मालकाच्या दृष्टीनें अधिक जिव्हाळ्याची बंदी .३०३ ची. ली-एन्फील्ड रायफल उत्तम, मजबूत आणि स्वस्त. पण तिचें काडतूस सैन्याचें. तेव्हां बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्यानें तीच लीची यंत्ररचना कायम ठेवून ऑस्ट्रियाच्या सैन्यांतील ८ मिलिमीटरच्या जुन्या मॅनलिखर काडतुसासाठीं तिला नळी बसविली आणि .३१५ या नांवानें ती हिंदुस्थानच्या बाजारांत आणिली. या काडतुसास .३०३ प्रमाणेंच बुडाशीं कड आहे व त्याचा जोर बेताचा आहे, म्हणून तें लीच्या दांड्यास सोसतें. २४४ ग्रेनची जड, बोथट, संथ गोळी. ज्या ऑस्ट्रियन साम्राज्यासाठीं ती निर्माण झाली तें १९१८ सालीं लयास गेलें, पण गोळी हिंदुस्थानांत टिकली. स्वातंत्र्यानंतर बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यानें ही रायफल नागरिकांसाठीं काढली, आणि काडतुसें आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यांत, १८६९ पासून चालत आलेल्या त्या जुन्या संस्थेंत, होऊं लागलीं. हिंदी परवानाधारक ‘माझी रायफल’ म्हणतो तेव्हां बहुधा त्याच्या मनांत हीच असते.

हिच्याविषयीं मालकांचीं मतें ऐकण्यासारखीं आहेत. निंदक म्हणतात कीं हिची गोळी दोनशें पावलांपलीकडे दगडासारखी खालीं येते, लाकूडकाम ओबडधोबड असतें, चाप जड असतो व एका नगाचें दुसऱ्याशीं जमत नाहीं. पेटी भरतांना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागें गेली तर ऐन वेळीं दांडा अडतो, हाहि आक्षेप खरा आहे. मात्र तो भरणाराच्या हाताचा दोष आहे, व एकदां रानडुकराच्या समोर अडकलेला माणूस तो पुन्हां करीत नाहीं. कैवारी म्हणतात कीं शंभर पावलांच्या आंत ही जड गोळी डुकरास जागीं बसविते, मोडलेला भाग कोठल्याहि कसबी मिस्त्रीस बसवितां येतो, आणि काडतूस देशांतच होतें. आमच्या मतें या शेवटच्या मुद्द्यापुढें बाकीचे सर्व फिके पडतात. ज्या रायफलीचें काडतूस मिळत नाहीं ती कितीहि कुलीन असली तरी भिंतीवरची शोभा होय. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत सामान्य नागरिकास परदेशी बंदुका आणण्याची वाट बंद झाली, तेव्हां जुन्या मौझर व मॅनलिखर बाळगणाऱ्या अनेक घराण्यांस याचा प्रत्यय आला.

लहान व्यास बरा कीं मोठा, हा वाद मात्र सर्व देशांत सारखाच चालत आला. अमेरिकेंत जॅक ओकॉनर (हे गृहस्थ आमच्याच व्यवसायांतले, ॲरिझोना विद्यापीठांत ते इंग्रजी शिकवीत) १९२५ साली निघालेल्या.२७० विंचेस्टरची हलकी, वेगवान गोळी आयुष्यभर वाखाणीत राहिले, आणि एल्मर कीथ यांनीं तितक्याच आवेशानें जड गोळीचा पक्ष घेतला. आफ्रिकेंत कारामोजो बेल यानें हजाराहून अधिक हत्ती बहुतांशीं ७ मिलिमीटरच्या मौझरसारख्या लहान रायफलींनीं मारले. परंतु त्यानें हत्तीचें मस्तक चिरून मेंदूचें स्थान आधीं अभ्यासिलें होतें, ही गोष्ट त्याचें उदाहरण देणारे सोयीस्करपणें विसरतात. विंचेस्टर कंपनीनें १९६४ सालीं आपल्या १९३६ च्या ७० क्रमांकाच्या रायफलींतील मौझरचा लांब आंकडा काढून टाकिला, तेव्हां मालकांनीं एवढा गहजब केला कीं अद्यापहि ‘चौसष्टपूर्वीची’ म्हटलें कीं तेथें किंमत चढते. पसंत पडली नाहीं तर दुसऱ्या कारखान्याची घेण्याची मोकळीक ज्यास आहे त्याच्या मतास कारखानदारास भ्यावें लागतें. आपल्याकडे एका रायफलीस दुसरी रायफल प्रतिस्पर्धी नव्हती, म्हणून टीका झाली तरी ती चावडीवरच विरली.

जिम कॉर्बेट यांची हकीकत या संदर्भांत मोठी उद्बोधक आहे. १९०७ सालीं चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा अंत त्यांनीं केला, तो शेवटीं उसन्या घेतलेल्या तहसीलदाराच्या खिळखिळ्या बंदुकीनें. कारण स्वतःच्या दुनळीचीं त्यांनीं बरोबर नेलेलीं तिन्ही काडतुसें संपलीं होतीं. या पराक्रमाबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनीं त्यांस रिग्बीची .२७५ ची मौझर बक्षीस दिली. मौझरच्या कारखान्यांतील यंत्र, लंडनमधील सफाई आणि हिंदुस्थानांतील रान असा तिचा त्रिवेणी संगम. वाघास ही फार लहान, असें तेव्हांहि म्हणणारे होते. पण मैलोन्मैल पायीं हिंडणाऱ्या माणसास तिचें हलकेपण मानवलें. दक्षिणेंत केनेथ अँडरसन यांनीं मात्र बोल्टकडे पाठ फिरवून विंचेस्टरची .४०५ ची तरफेची रायफल आयुष्यभर वापरली. दोघांचींहि मतें खरीं, कारण दोघांनाहि आपलें हत्यार अंधारांत चांचपून चालवितां येत होतें.

१९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राजवट संपली, केज पुढें मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आलें. १९५९ च्या हत्यारांच्या कायद्यानें जुना कायदा गेला, पण सैन्याच्या व्यासावरील बंदी राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यानें व १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारच संपली. २०१९ च्या दुरुस्तीनें एका परवानाधारकास तीनांऐवजीं दोनच हत्यारें ठेवतां येतात. काळवीट वांचावयाचें तर याहून निराळा उपाय नव्हता असेंच आम्ही म्हणूं. तथापि २०२० च्या नोव्हेंबरांत याच जिल्ह्यांतील आष्टी तालुक्यांत बिबट्यानें माणसें मारलीं व डिसेंबरांत शेजारच्या करमाळा तालुक्यांत सरकारी आज्ञेनें त्यास गोळी घालावी लागली, तेव्हां गांवोगांव पुन्हां तीच जुनी चर्चा निघाली : रात्रीं, उसाच्या फडांत, हातभर अंतरावर, रायफल बरी कीं छऱ्याची दुनळी? उसाच्या फडाचें उत्तर माळरानाच्या उत्तराहून निराळें आहे. तेथें लांब मारा निरुपयोगी, आणि पाहणारांची गर्दी भोंवतीं असतां गोळी आरपार जाणें हें सर्वांत मोठें भय.

बाकी ज्या घरांत .३१५ अजून आहे तेथें ती पिकाच्या राखणीचें किंवा आत्मसंरक्षणाचें कारण दाखवून परवान्यावर चढलेली असते. वर्षांतून एकदां तिच्या नळींत तेलाचा बोळा फिरतो. निवडणुका जाहीर झाल्या कीं मालक तिला कापडांत गुंडाळून पोलीस ठाण्यांत जमा करितो व पावती घेतो; निकालानंतर ती परत घरीं येते आणि पुढील निवडणुकीपर्यंत बहुधा उंबरा ओलांडीत नाहीं.