मुखपृष्ठ मूळचं की मागाहूनचं?

मंडळी, जुन्या कॉमिक्सच्या नादी लागलेले लोक हल्ली बरेच भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कव्हर ओरिजिनल आहे का?" प्रश्न साधा वाटतो. पण आयुष्यभर पोरांना इतिहास शिकवल्यामुळे मला लगेच उलटा प्रश्न सुचतो. ओरिजिनल म्हणजे नेमकं काय?

आपल्या वेताळाचंच घ्या. ली फॉक यांचा फँटम १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात सुरू झाला. रोज तीन-चार चौकटींची आडवी पट्टी, तीही काळी-पांढरी. पट्टीला कसलं आलंय मुखपृष्ठ! फॉक यांच्या मनात त्याचा पोशाख करडा होता. १९३९ साली रविवारची रंगीत चित्रकथा निघाली, तेव्हा तो जांभळा होऊन आला आणि तिथे जांभळाच राहिला. इटलीत तो लाल झाला, ब्राझीलमध्येही लाल, स्वीडन-नॉर्वेकडे निळा. म्हणजे रंगापासूनच 'मूळ' कोणतं याची पंचाईत.

मार्च १९६४ मध्ये मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी 'इंद्रजाल कॉमिक्स' काढलं. पुढे ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघालं. सुरुवातीच्या अंकांची किंमत ६० पैसे. आता मासिक म्हटलं की मुखपृष्ठ हवंच, आणि पट्टीला ते नव्हतं. म्हणून ते इथेच नव्यानं रंगवून घेतलं गेलं. सुरुवातीच्या अंकांची ती गाजलेली मुखपृष्ठं बी. गोविंद, म्हणजे गोविंद ब्राह्मणिया यांची. पुढे १९७६ साली आबिद सुरती यांचा 'बहादूर' आला, त्याची सुरुवातीची चित्रंही गोविंद यांचीच. तेव्हा आपण ज्याला वेताळाचं मूळ मुखपृष्ठ म्हणतो, ते अमेरिकेत कधी नव्हतंच. ते अस्सल मुंबईचं आहे!

आतही बदल होते. आडव्या पट्ट्या उभ्या पानावर बसवायच्या म्हणून चौकटी कापल्या, कुठे वाढवल्या. फॉक यांच्या कथेतल्या देशाचं नाव आधी 'बंगाली' होतं, चाच्यांच्या टोळीचं नाव 'सिंग'. आपल्या वाचकाला ते कसं चालावं? म्हणून देश झाला 'डेंकाली' आणि टोळी झाली 'सिंगा'. हे फेरफारच खरे, पण कारण असलेले. आमच्या पिढीला डेंकालीच खरा देश वाटायचा. त्यात आमची फसवणूक झाली असं मला कधी वाटलं नाही.

एक छापखान्याची गोष्टही सांगतो. मुखपृष्ठासाठी रंगवलेलं चित्र आणि छापलेलं मुखपृष्ठ या दोन वेगळ्या वस्तू. चित्रावर नाव नसतं, किंमत नसते. त्यासाठी वर मोकळी जागा सोडलेली असते. रंगीत छपाई चार रंगांची, निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. चारही रंग बारीक ठिपक्यांनी उमटतात. शाळेच्या प्रयोगशाळेतलं भिंग लावा, ठिपके स्वच्छ दिसतील. छापील पानावरून पुन्हा छापलं, तर ठिपक्यांवर ठिपके बसून चित्राला जाळीदार लहरी येतात. पुनर्मुद्रण ओळखायची ही एक सोपी खूण.

दुसरी खूण आकाराची. अमेरिकेत जून १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' क्रमांक १ मध्ये सुपरमॅन पहिल्यांदा आला. १९७४ साली प्रकाशकांनीच त्याची मोठ्या आकाराची प्रतिकृती काढली. तिला बाहेरून वेगळं आवरण होतं आणि त्यावर ती प्रतिकृती असल्याचं स्पष्ट होतं. काही चलाख लोकांनी ते आवरण काढून टाकलं. आतलं मुखपृष्ठ हुबेहूब १९३८ चं, तेव्हा तेच मूळ म्हणून विकायला मोकळे! मोजपट्टी लावली असती तरी बिंग फुटलं असतं. बघा, प्रतिकृती काढणाऱ्यानं लबाडी केली नव्हती. लबाडी झाली ती आवरण काढताना.

तिसरी खूण अंक-क्रमांकाची. इंद्रजालचे १२३ आणि १२४ क्रमांकांचे अंक संपामुळे निघालेच नाहीत. उद्या कोणी १२३ चं मुखपृष्ठ दाखवलं, तर हात जोडून घरी यावं. 'अमर चित्र कथा'चंही तसंच. अनंत पै यांच्या त्या मालिकेचे पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. राम वाईरकरांनी चित्रं काढलेला 'कृष्ण' क्रमांक ११ चा. पुढच्या आवृत्त्यांमध्ये क्रमांक नव्यानं दिले गेले आणि तोच कृष्ण ५०१ झाला. नवा क्रमांक नवेपणा लपवत नाही, उलट सांगतो.

आता हे सगळं आज का आठवलं? आमच्या दादाच्या ट्रंकेतले काही अंक माझ्याकडे आहेत. तेव्हा आमच्या नांदगावात असली पुस्तकं कुठली मिळायला! दादा अमरावतीला शिकायला होता, येताना बडनेऱ्याच्या स्टेशनवरून एखादा अंक आणायचा आणि मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात निळ्या शाईनं नाव अन् तारीख घालायचा. गल्लीतल्या पोट्ट्यांकडून अंक परत यावा म्हणून! दादा आता नाही. त्याच्या नातवानं मोठ्या हौसेनं एक मुखपृष्ठ स्कॅन केलं आणि संगणकावर साफ करून मला पाठवलं. पिवळेपणा गेला, घडी गेली, तेलाचा डाग गेला. चित्र कसं कालच छापल्यासारखं.

कोपऱ्यातली शाईही गेली होती. संगणकानं दादाची सही डाग समजून पुसली आणि त्या जागी जंगलाची पानं भरली. पानं छान आहेत हो. पण ती बी. गोविंद यांनी काढलेली नाहीत, कोणीच काढलेली नाहीत. मी पोराला रागावलो नाही. त्याला आजोबांचं अक्षर ओळखू येईल तरी कसं, त्यानं ते कधी पाहिलेलंच नाही. आणि अशीच साफ केलेली प्रत घराघरांत गेली, तर त्याच्या पोरांनाही ते कधी दिसणार नाही.

आमच्याकडे देवाच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच गळून पडलं की आतली जुनी मूर्ती दिसते. थर चढला तरी आतलं शाबूत असतं. संगणकावर मात्र जुन्या फाइलवरच नवी साठवली, की आत काही उरत नाही. म्हणून माझी तक्रार बदलाबद्दल नाही. डेंकाली हाही बदलच होता. कोणी बदललं, कधी बदललं आणि कशासाठी, एवढं तीन ओळींत लिहिलेलं असलं की बदललेलं मुखपृष्ठसुद्धा इतिहासाचा कागद होतं. ते लिहिलं नाही, तर नुसती गुळगुळीत तसबीर उरते.

नातवाला तेवढंच कळवलं आहे. आधी जसं आहे तसं स्कॅन कर, शेजारी मोजपट्टी ठेव. मागचं पान आणि आतला अंक-क्रमांकही घे. मग हवं तेवढं साफ कर, पण त्या प्रतीखाली 'साफ केलेली' असं लिही. त्याचं उत्तर आलं, "आबा, ट्रंकेतले बाकीचे अंक दिवाळीत येऊन करतो."

नातेवाईक मंडळींपैकी कोणाकडे दादानं दिलेले अंक असतील, तर कृपा करून खोडरबर लावू नका. कोपऱ्यात निळी शाई आहे का, तेवढं बघून मला कळवा.